औसा : पिधान नाही

त्याला नाव नव्हतं. पाच आकडी नंबर होता,
ट्रकला असतो तसा.
रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
वृषभेतल्या एका फिकट ताऱ्यासमोरून तो जाणार होता,
आणि त्याची सावली
चाळीसेक किलोमीटर रुंद
आमच्या झोपलेल्या तालुक्यांवरून.

ही सावली अंगावर पडत नाही.
तिच्यात उभं राहिलं तरी हाताला हात दिसतो तेवढाच दिसतो.
फक्त एक तारा नसतो,
चार सेकंद.

फडबाईंनी नकाशावर पट्टी ठेवून माणसं पेरली.
धारूरला मुजीब, मोबाइल दुरुस्तीवाला, किल्ल्याखाली.
अंबाजोगाईला त्या स्वतः, कॉलेजच्या गच्चीवर.
बर्दापूरला गित्ते कंडक्टर, रजा टाकून.
रेणापूरला दोन पोरी, एक दुर्बीण, एकच घोंगडी.
आणि पार खाली दक्षिणेला, रेषेच्या जरा बाहेर, मी.

बाहेर का, हे मी विचारलं नाही.
काट्यावर बसणारा माणूस. येईल ती गाडी चढवून घ्यायची.

तुळजापूर रोडला वजनकाट्यामागे दुर्बीण मांडली,
हॅलोजन बंद केला.
दीडच्या सुमाराला उसाची गाडी आली.
कारखान्याच्या काट्यावर भरवसा नाही
म्हणून आधी माझ्याकडे येतात.
वजन झालं तरी ड्रायव्हर जाईना.
'काय बघूलालाव?'
'एक दगड.'
'दिसूलालाय का?'
'नाही. तो दिसत नसतो.
तो ज्याला झाकतो, ते दिसतं.'
त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली,
मग काही न बोलता वर चढून
इंजिन बंद केलं, दिवेही मालवले.
एवढा अंधार त्या रोडला
मी पहिल्यांदाच बघितला.

दोन सोळा.
एका कानात उपग्रहाची वेळ टिकटिकत होती.
फोन रेकॉर्डिंगवर. दोनच शब्द बोलायचे होते :
गेला. आला.
तारा थरथरत होता, थंडीत ज्योत थरथरते तसा.
दोनदा वाटलं, गेला.
जिभेच्या टोकावर आलाच होता शब्द.
हा मोह माझ्या ओळखीचा आहे,
वीस किलो इकडचे तिकडे, कोण बघतंय.
मी दात दाबून धरले.
तारा होता.
सतरा झाले. अठरा झाले.
तारा होताच.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे :
माझा श्वास, लांबचं कुत्रं,
गाडीतल्या उसाच्या पाचटाची सळसळ,
आणि अठराव्या मिनिटाला एक आवाज, 'झालं का ओ?'

पहाटे फोन वाजायला लागला.
मुजीब, एक पूर्णांक आठ सेकंद.
बाई, चार पूर्णांक एक.
कंडक्टर, तीन पूर्णांक नऊ, दम लागलेला.
रेणापूरच्या पोरी आधी भांडल्या, मग दोन पूर्णांक दोनवर आल्या.
मी लिहिलं : औसा, पिधान नाही.
लिहिताना लाज वाटली, खरं सांगतो,
परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखी.

सकाळी बाईंनी चित्र पाठवलं.
पाच आडव्या रेघा एकाखाली एक,
चार मध्येच तुटलेल्या.
तुटलेली टोकं जोडली की एक दगड होतो,
बटाट्यासारखा, रेणापूरच्या अंगाला चेपलेला.
आणि त्याच्या खाली
माझी रेघ, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
खाली लिहिलं होतं :
'कुठवर आहे ते चौघांनी सांगितलं.
कुठं नाही ते तुम्ही सांगितलंत.
ही रेघ नसती तर मी त्याला लातूरपर्यंत फुगवला असता.'

नऊला तीच गाडी परत आली, ऊस रिकामा करून.
पाटीत चार पाचटं, बाकी ऊन.
'लागला का दगड?'
'इथं नाही लागला.'
'मग रात्रभर जागलाव फुकट.'
मी हसलो. त्याला काट्यावर घेतलं.
आकडे हलले, थोडे मागे आले, थांबले.
'रिकामं लिहा,' तो म्हणाला, 'त्याबिगर उसाचं कळतंय होय?'

सहा हजार दोनशे ऐंशी.
रिकामी.
पावती फाडून दिली.